बॉक्स मोटारींचा, डिस्क नाचाची

बेसिंगस्टोक,
१९ जानेवारी २०२५

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,


तिळगूळ पोचला. डबा शाबूत होता, वड्यांचा भुगा झाला होता. तो आम्ही चमच्याने खाल्ला आणि एकमेकांशी गोड बोलायचं कबूल केलं. अण्णा, तुमचं पत्रही त्याच पार्सलात मिळालं. पहिल्या दोन ओळींत सगळ्यांची ख्यालीखुशाली उरकून तिसऱ्या ओळीत तुम्ही मुद्द्यावर आलात. ओजसला दिवाळीच्या खाऊचे म्हणून पाठवलेल्या पैशांचा हिशेब काय, आणि विषय काढला की जावईबापू "चाललंय, मिटतंय" असं पुटपुटून फोन माझ्याकडे का देतात? आता मिटलं आहे. पण झालं ते फोनवर सांगण्याजोगं नाही. कापड पेठेत उभी हयात गादीवर बसलेल्या माणसाला ही हकीकत "आवाज येतोय का, आता येतोय का" करत तुकड्यातुकड्यांनी ऐकवली, तर रक्तदाबाची गोळी वाढवावी लागेल. म्हणून सविस्तर लिहिते. जेवण झाल्यावर वाचा.

पैसे गेमवर गेले. आई, व्हिडिओ कॉलवर टीव्हीखाली तुला जे पांढरं खोकं दिसलं आणि "वॉटर प्युरिफायर हॉलमध्ये कशाला?" असं तू विचारलंस, ते प्लेस्टेशन. त्यात डिस्क घातली की खेळ सुरू. ओजसला 'ग्रान टुरिस्मो ७' हवा होता. मोटारी पळवायचा खेळ, मारामारी नाही, रक्त नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं. नवी डिस्क महाग, तेव्हा वापरलेली घ्यायचं ठरलं. इथे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. खेळून झालेला गेम दुकानात द्यायचा, त्याचे चार पैसे पदरात पाडून दुसरा न्यायचा, यावर इथली पोरं वाढली आहेत. आणि अण्णा, दुकानाची खरी कमाईही त्यातच. नव्या मालात दुकानदाराला जेमतेम सुटतं. जुनी डिस्क पोराकडून स्वस्तात घेतली, पुसली, पुन्हा लावली की मधला फरक सगळा आपला. ज्या कंपनीने गेम बनवला तिला त्यातला छदामही द्यावा लागत नाही.

ज्या दुकानात हे सगळं घडलं त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्यांच्या हेड ऑफिसला रजिस्टर पत्र पाठवाल. मिक्सरवाल्या कंपनीला पाठवलं होतंत, ते मी विसरलेले नाही.

तर त्या दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा गेम दिसतच नाहीत. दिसतात ते कप. मग टी-शर्ट, मग मोठ्या डोक्याच्या प्लास्टिकच्या बाहुल्या छतापर्यंत, मग किल्ल्यांची कडी, मोजे, फ्रिजमध्ये निळ्या रंगाचं कसलंसं सरबत. गेमचं दुकान आहे याचा पुरावा मागच्या भिंतीवर एका कपाटात. त्यातले बॉक्सही रिकामे असतात बरं का! चोरी होऊ नये म्हणून डिस्क काढून काउंटरमागच्या खणांत, कागदी पाकिटांत ठेवतात. आपण रिकामा बॉक्स घेऊन जायचं, पोराने खणातून डिस्क शोधून त्यात भरायची. ही पद्धत नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकानात माणूस एकच. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव कॅलम, वय तिशीचं. रांग दारापर्यंत. रांग हलत नव्हती, कारण कॅलम प्रत्येकाला मालाखेरीज बाकी सगळं विकत होता. आमची पाळी आली. कार्ड आहे का? नाही. काढायचं का, पॉइंट मिळतील? नको. मार्चमध्ये येणाऱ्या गेमचे पैसे आत्ता भरून ठेवता का? नको. ई-मेल देता का? नको. डिस्कचा विमा? अण्णा, खरंच विमा. चरा पडला तर बदलून देतात. मी नको म्हणेपर्यंत तुमच्या जावईबापूंनी, प्रसादने, तीन पौंड काढून दिले होते. त्याचं म्हणणं, पोरगं अकरा वर्षांचं आहे, चरे पडणारच. कॅलम हे सगळं माझ्याकडे न बघता, स्क्रीनवरून वाचून विचारत होता. मला राग आला. तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाकडे न बघता कुणी मीटर मोजला असता तर संध्याकाळी त्याला तुम्ही पायरीवर बसवलं असतंत.

घरी आलो. ओजसने बॉक्स उघडला. बॉक्सवर निळी मोटार. आत 'जस्ट डान्स'. टीव्हीसमोर उभं राहून पडद्यावरच्या बाईसारखे हातवारे करायचे, असा तो खेळ. प्रसाद म्हणाला, वाईट काय, व्यायाम होईल. ओजसने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आपल्या घराण्यात फक्त आत्याबाईंकडे होती.

परत गेलो. कॅलमने डिस्क पाहिली, बॉक्स पाहिला, स्क्रीन पाहिला आणि ओशाळून म्हणाला, मला बदलून देता येत नाही, एरिया मॅनेजरला विचारावं लागेल. एरिया मॅनेजर म्हणजे अनेक गावांतल्या दुकानांचा मिळून एक साहेब, जो यातल्या कुठल्याच गावात नसतो. फोन लावून माझ्या हातात दिला. साहेबांचं म्हणणं असं, की संगणकात मोटारींची डिस्क विकली गेल्याची नोंद आहे, त्या अर्थी ती तुमच्याकडेच आहे. मी म्हटलं, आमच्याकडे नाच आहे. ते म्हणाले, नाच आम्ही तुम्हाला विकल्याची नोंद नाही. मी म्हटलं, मग हा नाच आमच्या घरी आला कुठून? तर म्हणतात, मॅडम, नेमका तोच प्रश्न आम्हाला पडला आहे.

म्हणजे कळलं का अण्णा? मोटारी घरी दडवून, कुठूनतरी नाचाची डिस्क पैदा करून, ती त्या बॉक्समध्ये घालून आम्ही सहकुटुंब दुकानाला फसवायला आलो होतो. विम्याचं विचारलं. विमा मोटारींच्या डिस्कचा आहे, आणि ही ती डिस्क नव्हे. मोटारींची डिस्क आणा, तिला चरा असेल तर जरूर बदलून देऊ.

आता इथला कायदा अगदी साफ आहे. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा म्हणतो की माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. नसेल तर तीस दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि माल जुना असला तरी दुकानदार सुटत नाही. मी कलम तोंडपाठ करून गेले होते. साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कस्टमर केअरचा नंबर दिला.

कस्टमर केअरमध्ये आधी एक यंत्र गप्पा मारतं. प्रसादने टाइप केलं, मला मोटारी हव्या होत्या. यंत्राने रिमोटवर चालणाऱ्या मोटारीवर सवलत देऊ केली. मग फोन केला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई सांगत राहिल्या. माझं वरण शिजलं, निवलं, आम्ही जेवलो, मी भांडी विसळली, तरी तो महत्त्वाचाच होता. शेवटी एक खराखुरा मुलगा आला, बिचारा फार गोड बोलला, तक्रार क्रमांक दिला, आणि सदिच्छा म्हणून पाच पौंडांचं गिफ्ट कार्ड देतो म्हणाला.

ते कार्ड न्यायला मी दुकानात गेले. सकाळची वेळ, दुकान रिकामं. कॅलमने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो तर कार्ड घेतलं नसतं, कप घेतला असता. कप निदान उद्याही कप राहतो."

तिथून आम्ही बोलायला लागलो आणि माझं त्याच्याबद्दलचं मत हळूहळू बदलत गेलं. या पोराला सगळं माहीत आहे. कुठला गेम कुठल्या वयाला, कुठला फुकट वेळ खाणारा, कुठल्याची जुनी आवृत्ती नव्यापेक्षा सरस, सगळं. मी विचारलं, मग त्या दिवशी रांगेत हे का नाही सांगितलंस? तर म्हणाला, त्याचे मार्क नसतात. किती कार्डं, किती विमे, किती आगाऊ नोंदण्या, याचा तक्ता दर आठवड्याला वर जातो. गिऱ्हाइकाशी गप्पा मारल्याचा रकाना त्यात नाही.

गिफ्ट कार्डाचं म्हणाल तर तो खोटं बोलत नव्हता. जानेवारी महिना इथल्या दुकानांना भारी जातो. नाताळात विक्री झाली नाही की पुढच्या महिन्यात कुलूप. वूलवर्थ्स नावाचं दुकान इथे गावोगावी होतं, पाटी-पेन्सिलीपासून गोळ्यांपर्यंत सगळं मिळायचं. त्याची ८०७ दुकानं जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकामागून एक मिटली. जानेवारी २०१३ मध्ये एचएमव्ही बुडाली. तीच अण्णा, तुमच्या तरुणपणच्या रेकॉर्डवरच्या कुत्र्याची. लोकांना नाताळात भेट मिळालेली कार्डं घ्यायला तेव्हा दुकानांनी नकार दिला. पैसे आधीच गल्ल्यात, आणि कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा! इतकी ओरड झाली की आठवड्याभरात निर्णय फिरवावा लागला.

आणि या धंद्यातली मोठी कहाणी तर आमच्या गावाचीच. 'गेम' याच नावाची कंपनी, गेम विकणारी एके काळची देशातली सर्वांत मोठी साखळी. (आमचं दुकान ते नव्हे, आधीच सांगते.) तिचं हेड ऑफिस वर्षानुवर्षं इथे बेसिंगस्टोकमध्ये होतं. हे गाव चौकाचौकांतल्या गोल चक्करांसाठी बदनाम आहे, पण दुकानदारीत नावाजलेलं: बर्बेरीने आपलं पहिलं दुकान १८५६ मध्ये इथेच काढलं. तर 'गेम' सुसाट वाढली. २००७ मध्ये तिने गेमस्टेशन नावाची प्रतिस्पर्धी साखळी ७.४ कोटी पौंडांना घेतली. त्यामुळे बऱ्याच गावांत एकाच पेठेत, हाकेच्या अंतरावर, एकाच मालकाची दोन दुकानं झाली. दोन भाडी, दोन विजेची बिलं, गिऱ्हाईक तेच. तुम्ही हरभट रोडला दुसरं दुकान का नाही काढलंत, असं मी लहानपणी विचारायची, तेव्हा तुम्ही नुसते हसायचात. आता कळलं.

कॅलम शाळेत असताना शनिवारी गेमस्टेशनमध्ये पडीक असायचा. तिथली पोरं अवली होती म्हणे. १ एप्रिल २०१० ला त्यांनी वेबसाइटवरच्या अटी-शर्तींत एक कलम घुसडलं, की ही खरेदी करून तुम्ही तुमचा अमर आत्मा आम्हाला देत आहात. नको असेल तर तिथेच नकार नोंदवायची सोय होती, आणि नोंदवणाऱ्याला पाच पौंडांचं व्हाउचर. साडेसात हजारांच्या आसपास लोकांनी आत्मा देऊन टाकला! अटी कुणी वाचतं का? नंतर त्यांनी सगळे आत्मे परत केले. मी कॅलमला म्हटलं, बघ, त्यांनी आत्मे परत केले, तुम्ही साधी डिस्क परत घेत नाही.

मग २०१२ आलं. ते तुम्हाला एका वाक्यात कळेल: व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. इंटरनेटवर आणि भाजीच्या सुपरमार्केटात तेच गेम स्वस्त मिळायला लागले होते, सहाशेवर दुकानांचं ओझं 'गेम'च्या डोक्यावर, आणि गेम बनवणाऱ्या कंपन्यांना आपले पैसे बुडतील अशी धास्ती पडली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये 'मास इफेक्ट ३' हा मोठा गेम आला. ज्याची लोक वर्षभर वाट पाहत होते, नेमका तोच 'गेम'च्या दुकानात नव्हता. आगाऊ नोंदणी केलेल्यांना सांगावं लागलं की माल येणार नाही. दिवाळीत साडीच्या दुकानात पैठणी नाही, असं झालं ते. इथे दुकानाचं भाडं वर्षातून चारदा, तीन-तीन महिन्यांचं आगाऊ भरायची जुनी रीत आहे. त्यातला एक हप्ता २५ मार्चचा, आणि 'गेम'चा तो हप्ता सुमारे २.१ कोटी पौंडांचा होता. आपल्याकडे पाडवा होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा, २६ मार्चला, कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. त्याच दिवशी २७७ दुकानं बंद, दोन हजारांवर माणसं घरी. गिफ्ट कार्डं आणि पॉइंटही गोठवले. ओपकॅपिटा नावाच्या गुंतवणूकदारांनी उरलेली ३३३ दुकानं उचलली म्हणून नाव तरी टिकलं.

त्यापुढचं थोडक्यात. २०१४ मध्ये शेअर बाजारात पुन्हा उतरली तेव्हा शेअर दोन पौंडांना होता. २०१९ मध्ये स्पोर्ट्स डायरेक्टने सगळी कंपनी घेतली ती तीस पेन्सच्या भावाने. मग दुकानं आटत गेली आणि 'गेम' खेळाच्या कपड्यांच्या दुकानात, धावायच्या बुटांशेजारचा एक कोपरा होऊन बसली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिने जुने गेम घ्यायचंही बंद केलं. म्हणजे ज्यात पैसा होता तोच दरवाजा लावून घेतला. का, ते मोठ्या लोकांनाच ठाऊक. मला तर वाटतं, शनिवारी दोन जुने गेम घेऊन येणारं पोरगं हेच त्या धंद्याचं रोजचं गिऱ्हाईक होतं. ते आता का येईल?

इंटरनेटने दुकानं मारली असं इथे सगळे म्हणतात. खरंही आहे. नोव्हेंबरात नवं प्लेस्टेशन आलं, जवळजवळ सातशे पौंडांचं, आणि त्याला डिस्क घालायची फटच नाही! हवी असेल तर वेगळी विकत घ्या. गेम थेट हवेतून उतरवायचा. हवेतून उतरवलेला गेम ना विकता येतो, ना मित्राला देता येतो. ओजसला वाढदिवसाला एका मित्राने चकचकीत बॉक्स दिला, त्यात डिस्क नव्हतीच, एका चिठ्ठीवर आकडे होते. ते यंत्रात भरायचे. बॉक्स रिकामा असतो हे आता कंपनीच कबूल करते. पण अण्णा, हवेतून येणारा माल कॅलमइतकं सांगू शकत नाही. दुकानाकडे इंटरनेटला न मिळणारी एकच वस्तू होती, ती काउंटरमागे उभी होती, आणि तिला विमे विकायला लावलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. डिसेंबरात एका शनिवारी पुन्हा दुकानात गेलो, मी आणि ओजस. आमच्या पुढे एक नेपाळी आजी. कपाळाला टिकली, अंगात जाड कोट, हातात पिशवी. इथून जवळच्या आल्डरशॉटला गुरखा पलटणींमुळे नेपाळी घरं पुष्कळ. २००९ मध्ये निवृत्त गुरख्यांना इथे राहायचा हक्क मिळाला, तेव्हापासून आमच्या बाजूलाही वाढली आहेत. आजी मोडक्या इंग्रजीत कॅलमला पटवत होत्या की नातीसाठी नाच घेतला आणि घरी मोटार निघाली. पिशवीतून त्यांनी बॉक्स काढला. 'जस्ट डान्स'.

ओजसने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली.

कॅलमने आजींचा बॉक्स पाहिला. माझा बॉक्स पाहिला. स्क्रीनवर काहीतरी बडवलं. मग म्हणाला, दोन्ही तक्रारी हेड ऑफिसकडे चौकशीखाली आहेत, वेगवेगळे क्रमांक आहेत, निकाल लागेपर्यंत मला दोन्ही डिस्कना हात लावता येत नाही. आजींनाही त्याच साहेबांनी सांगितलं होतं की नाच तुमच्याच घरी असणार. मग तो जरा थांबून म्हणाला, "मी आता मागे स्टॉकरूममध्ये जातोय. मला पाचेक मिनिटं लागतील. बाहेर बाक आहे."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. बाकावर बसून मी आणि आजींनी डिस्क बदलल्या. आजींना हिंदी छान येतं, सगळं सिनेमांतून शिकलेलं, त्यामुळे बोलणं जरा नाट्यमय. डिस्क हातात घेऊन त्या म्हणाल्या, "बहू, इन्साफ हो गया." ओजसने मोटारींची डिस्क उजेडात धरून तपासली. एक बारीक चरा होता. प्रसाद आता त्या विम्याचा दावा लावायचा म्हणतोय. मी त्याला हात जोडले.

आजींची नात ओजसच्याच शाळेत, एक वर्ग पुढे निघाली. त्या नंतर घरी येऊन गेल्या, मी चकल्या तळल्या होत्या. ओजस आणि ती नात दोघं मिळून 'जस्ट डान्स' खेळतात. हे ओजसने आजोबांना सांगायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून आईला सांगते.

या आठवड्यात दुकानाच्या काचेवर पिवळे कागद लागले: सर्व माल काढणे आहे, कपाटांसकट. कॅलमला आठवड्याला किती तास काम मिळेल याची इथे हमी नसते. याला शून्य तासांचा करार म्हणतात, साहेब बोलावतील तेव्हा यायचं. या शेवटच्या आठवड्यात मात्र त्याला रोज बोलावतात, कारण कुलूप लावायला माणूस लागतो. परवा गेलो तर तक्ता नाही, विमा नाही, कार्ड नाही. पोरगं मोकळं झालं होतं. कपाटातले रिकामे बॉक्स एकेक काढून ओजसला सांगत होता: हा घेऊ नकोस, याचा शेवट फसलाय, हा तुझ्या आईलाही आवडेल, कोडी आहेत, हा तू सोळा वर्षांचा झालास की. मागे रांग लागली होती आणि कुणी कुरकुरत नव्हतं, सगळे ऐकत होते. एका आजोबांनी तर वहीत लिहून घेतलं. मी कोड्यांचा गेम घेतला. बॉक्स तिथेच उघडून पाहिला. कॅलम म्हणाला, बरोबर आहे, बघा, बघून घ्या. पुढच्या महिन्यापासून तो वाचनालयात लागतोय. तिथे मुलांना पुस्तकांबरोबर गेमही घरी देतात, आणि गंमत म्हणजे विमा काढत नाहीत.

गावात मायलस्टोन्स नावाचं एक संग्रहालय आहे. छपराखाली जुन्या काळचे अख्खे रस्ते उभे केलेत, फरसबंदी, जुनी दुकानं, सगळं. प्रसाद म्हणतो, या दुकानाचं एक कपाट तिथे द्यायला हवं, बाहुल्या, कप आणि निळ्या सरबतासकट. तुम्ही उन्हाळ्यात आलात की दाखवते. तिथल्या दुकानदारांना तुम्ही भाव विचारणार, हे गृहीत धरलं आहे.

हिशेब असा: डिस्क झाली, विमा गेला, चार पौंड उरले, त्यात कॅलमला कॉफी पाजली. पावत्या फाइलला लावल्या आहेत. अण्णा, गोळी वेळेवर घ्या. आई, गुडघ्याला तेल लाव, नुसतं बाटलीकडे बघू नकोस. ओजसचा दोघांना साष्टांग नमस्कार.

तुमची,
मीनल

ता. क. काल हेड ऑफिसचं मेल आलं. माझी तक्रार वरिष्ठ पथकाकडे पाठवली आहे आणि अठ्ठावीस दिवसांत उत्तर येईल. दुकान येत्या शनिवारी बंद होतंय. आजींनाही तसंच मेल आलं, फक्त क्रमांक वेगळा.

ता. ता. क. आजींना आपल्या चकलीची भाजणी हवी आहे. पुढच्या पार्सलात अर्धा किलो जास्त घाला. डब्यावर 'भाजणी' असं ठळक लिहा, आणि आत भाजणीच आहे ना, हे आई, अण्णांना न विचारता तू स्वतः उघडून बघ. मागच्या वेळी मेतकूट निघालं होतं.